नव्याने लिहून टाक

सर सहज बोलून गेले. "ती जुनी स्क्रिप्ट ना, पॉवरशेलमध्ये नव्याने लिहून टाक." आणि लगेच फोनवर लागले. साडेबारा वाजून गेलेत, कूलरमधलं पाणी संपत आलंय, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

जुना लिनक्सचा सर्व्हर जाणार हे माहीतच होतं. आता सगळ्यांना विंडोज, म्हणून पॉवरशेल, विंडोजची स्वतःची स्क्रिप्टची भाषा. माझ्याआधी हे काम बघणाऱ्या दादाची बिलिंगची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने हुकूम लिहिलेली फाइल, विंडोजवर उतरवली, सीएमडीत, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, तिचं नाव टाकलं, तर नोटपॅड उघडलं. सीएमडीचं असंच असतं. बॅश म्हणजे लिनक्सवर असे हुकूम चालवणारा प्रोग्राम. 'मला बॅशने चालव' असं स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, पण ती ओळ लिनक्स मानतं. सीएमडी नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन बघून ठरवतं. ठाऊक होतं सगळं. पण नोटपॅडमध्ये मधोमध दादाची ओळ दिसली: 'मार्चएंडला इथे हात लावू नये. अकाउंट्सच्या ताईंना आधी विचारावे.' तिथेच थांबले.

हे नव्याने कसं लिहायचं? एका डीलरच्या फाइलमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर येतो, त्याच्यासाठी वेगळी पायरी आहे. रात्री कधीतरी कोणाचा तरी फोन आला असेल, दादा उठला असेल, तेव्हा ती पायरी आली. अशा कितीतरी. सरांना त्या दिसत नाहीत, कारण स्क्रिप्ट कधी बंदच पडली नाही. जे बंद पडत नाही त्याच्याकडे बघतं कोण? माझ्याकडे तरी कोण बघतं म्हणा. पुण्याची ऑफर होती तेव्हा... जाऊ दे.

दादाला फोन लावावासा वाटला. नाही लावला.

संध्याकाळी आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाताना मैत्रीण म्हणाली, "काहून एवढं जीवाला लावून घेऊन राहिली? फाइलच तर आहे." मी मान डोलावली. फाइलच आहे. पण मग 'टाक' हा शब्दच का टोचतोय?

घरी आल्यावर डब्ल्यूएसएल लावलं, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स. २०१६ पासून विंडोजमध्ये ही सोय आहे, आणि दुसऱ्या आवृत्तीत तर खरं लिनक्स कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, आत चालतं. सीएमडीत 'डब्ल्यूएसएल' आणि पुढे स्क्रिप्टचं नाव, एवढंच. पण 'बॅड इंटरप्रिटर' अशी एरर आली. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने विंडोजवर फाइल उतरवताना प्रत्येक ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न नावाचं न दिसणारं अक्षर चिकटवलं होतं. टेलिप्रिंटरला गाडा डावीकडे न्यायचा एक हुकूम लागे आणि कागद सरकवायचा दुसरा. ओळ संपल्याची खूण म्हणून डॉसने दोन्ही ठेवले, तेच विंडोजकडे आले. युनिक्सने एकच ठेवला. त्यामुळे लिनक्स 'बॅश' नव्हे, तर बॅशच्या नावाला एक न दिसणारं अक्षर जोडलेला प्रोग्राम शोधत होतं, आणि असा प्रोग्राम मशीनवर नाहीच. 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या हुकमाने ती अक्षरं काढली, आणि गिटला बजावून ठेवलं की या फाइलच्या ओळींना हात लावायचा नाही. मग सी ड्राइव्हचा पत्ता बदलला, कारण लिनक्सच्या बाजूने तो 'एमएनटी' नावाच्या फोल्डरखाली दिसतो. आणि चालली! दादाचं 'झालं, घरी जा' स्क्रीनवर आलं तेव्हा डोळे भरून आले.

त्यानंतर राग बराच उतरला. सरांचंही चूक नाही. उद्या मी नसले तर टीममध्ये बॅश वाचणारं कोणी नाही. शिवाय डब्ल्यूएसएलमधलं लिनक्स ज्या युजरने बसवलं त्याच्याच खात्यात असतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये दुसऱ्याच्या नावाने काम लावलं तर ते सापडणारच नाही. तो युजर मी. म्हणजे दादाची जागा आता माझ्याकडे आली, एवढंच झालंय. आवडलंय का मला ते? थोडं आवडलंय.

तरीही 'नव्याने' म्हणताना त्यांनी एकदा विचारायला हवं होतं, आत काय आहे म्हणून.

सोमवारी त्यांना सांगणार आहे. मार्चएंड होईपर्यंत ही अशीच चालेल, स्क्रिप्ट फसली तर तिचा एक्झिट कोड, म्हणजे फसल्याचं सांगणारा आकडा, शेड्युलरपर्यंत पोहोचतो हेही दाखवीन. एप्रिलमध्ये पॉवरशेल करायचंच असेल तर मीच करेन. पण त्याआधी अकाउंट्सच्या ताईंसोबत बसून एकेक पायरी कशासाठी आहे ते लिहून घ्यायचंय. त्याला आठवडा लागला तर लागला.