पाईप म्हातारा झाला म्हणे

आमचं जहाज म्हातारं झालंय हे वरच्या ऑफिसपासून कॅबिन स्टुअर्डपर्यंत सगळ्यांना मान्य आहे, आणि घोळ तिथंच आहे. काही फुटलं, गंजलं, अडकलं की उत्तर तयार असतं, वय झालं. एकदा वय झालं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

मी पलूसकडचा. सांगलीच्या आयटीआयला फिटर केला, पंपाच्या कारखान्यात अप्रेंटिस झालो, आणि आता क्रूझ शिपवर प्लंबर कम फिटर म्हणून असतो. जहाजाचं नाव सांगत नाही, पोट आहे त्याच्यावर. नव्वदच्या दशकातलं आहे, मालक बदलत गेले तशी नावं बदलत गेली, आणि ऊन तिरकं पडलं की नाकाडावर रंगाखाली जुन्या नावाची वेल्डिंगची अक्षरं अजून दिसतात. गावाकडं सांगितलं की पहिला प्रश्न, एवढं जुनं जहाज बुडत नाही का रं? बुडत नाही. प्रवासी जहाजाच्या तळाची तपासणी दरवर्षी होते, त्यातली पाच वर्षांत किमान दोनदा पाण्याबाहेर ड्राय डॉकमध्ये, पत्र्याची जाडी मशीन लावून मोजतात आणि पातळ झालेला पत्रा कापून नवा घालतात. मुंबईवरनं सुटणारी कर्णिका आठवत असेल, ते १९९० चं जहाज होतं, २०२० मध्ये अलंगला तोडायला गेलं, पण धंदा बसला म्हणून गेलं, गंजून नाही. जुन्या जहाजाचं खरं दुखणं आत असतं, छताच्या पॅनलवर, जिथं पॅसेंजरची नजर जात नाही आणि त्यामुळं पैसाही जात नाही. लॉबीतलं झुंबर नवीन, कार्पेट नवीन, पाईप तेच.

तर त्या दिवशी सी डे होता, म्हणजे दिवसभर समुद्रातच, आणि रात्री फॉर्मल नाईट. बाहेरच्याला हे कळणार नाही पण आमच्या धंद्यात याच्यासारखी वाईट जोडी नाही, कारण दिवसभर पोहून आलेली सगळी माणसं संध्याकाळी एकाच तासात अंघोळीला घुसतात आणि मग सूट घालून जेवायला जातात. नेमक्या त्या तासात फोन आला, डेक सहा, मधल्या लिफ्टसमोर छतातनं पाणी. मी आणि सातारकर, म्हणजे कोरेगावचा आमचा दुसरा फिटर, शिडी घेऊन पळालो. जाईपर्यंत हाऊसकीपिंगनं टॉवेलांचा बांध घातला होता आणि एक साहेब बाथरोबमध्ये, डोक्याला शाम्पूचा फेस तसाच, कॉरिडॉरमध्ये उभं राहून मला विचारत होते की दुरुस्तीला किती मिनिटं लागतील. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मात्र काही न बोलता आपल्या कॅबिनमधले कोरडे टॉवेल आणून दिले. पॅसेंजर दोन्ही प्रकारचे असतात, फक्त पहिल्या प्रकारचा माणूस नंतर फॉर्म भरतो.

पॅनल काढलं तर पाईपवरची इन्सुलेशनची लोकर भिजून मळलेल्या पिठासारखी झालेली, ती ओढली की कढत पाणी कोपरापर्यंत आत. गरम पाण्याची रिटर्न लाईन, म्हणजे फिरून टाकीकडं परत येणाऱ्या पाण्याची, तांब्याची, आणि एल्बोच्या वळणाला बाहेरच्या अंगाला टाचणीएवढं भोक, त्यातनं सुईसारखी धार. सातारकर म्हणाला, "पाव्हणं, आयसोलेशन मारतो." मारला, पण व्हॉल्व पास होत होता, चाक पूर्ण फिरलं तरी पाणी चालूच. म्हणजे आता अख्खा रायझर, खालून वर जाणारी उभी मुख्य लाईन, बंद करायला लागणार आणि त्या झोनमधल्या सगळ्या कॅबिनचं गरम पाणी जाणार, ते पण अंघोळीच्या टायमाला. ब्रिजला फोन, कॅबिन आणि जेवणखाण बघणाऱ्या हॉटेल साईडला फोन, चीफ इंजिनिअरला फोन, सगळे एकमेकांना विचारणार आणि तोवर टॉवेल संपत चाललेले.

ब्रेझिंग, म्हणजे आगीनं धातू वितळवून सांधा भरणं, का केलं नाही असं कुणी म्हणेल. जहाजावर आग काढायची तर हॉट वर्क परमिट लागतं, फायर वॉच उभा करायचा, आजूबाजूचं जळण्यासारखं सगळं हलवायचं, आणि पॅसेंजर कॉरिडॉरमध्ये हे संध्याकाळी कोण करू देणार. मग क्लॅम्प. स्टीलचा पट्टा, आत रबर, दोन बोल्ट. सरळ पाईपला तो छान बसतो पण एल्बोच्या वळणावर बसत नाही, म्हणून हॅकसॉनं एल्बोच कापून काढला, दोन्ही टोकं घासून साफ केली आणि कपलिंग टाकून मधे नवा वळणाचा तुकडा जोडला. प्रेशर दिलं. पाच मिनिटं कोरडं. आणि मग हातभर पुढं, दुसऱ्या एल्बोला तश्शीच सुई. सातारकरानं शिडीवरनंच कुणाच्या तरी आईला नमस्कार केला. ते झालं की अजून एक. शेवटी लाईन धरली तेव्हा फॉर्मल नाईटवाले जेवून, नाचून परत निघाले होते आणि आम्ही दोघं त्यांच्या वाटेत ओल्या लोकरीची पोती भरत होतो.

चीफनं सकाळी वर्क ऑर्डर बंद केली. सिस्टीममध्ये कारणाच्या रकान्यात यादी येते, त्यातलं एक निवडायचं, आणि त्यानं निवडलं वेअर अँड टेअर, म्हणजे वापरानं झालेली झीज. माणूस वाईट नाही तो, दिवसाला अशा किती ऑर्डरी बंद करणार, पण त्या यादीत दुसरं काही सोयीचं निवडण्यासारखं नाहीच हेही खरं. सुपरिंटेंडेंट लोक ऑफिसात बसून तोच रकाना बघतात आणि मग मीटिंगमध्ये सांगतात की जहाज जुनं आहे, अमुक टक्के ऑर्डरी वयामुळं.

मला तिथंच खटकलं होतं. कापलेल्या एल्बोचा तुकडा बॉयलरसूटच्या खिशात टाकला होता, तो केबिनमध्ये जाऊन उभा चिरला. पाईप वयानं जातो तेव्हा आत तपकिरी, हिरवट थर असतो, खपल्या असतात, भोकं कुठंही इकडंतिकडं असतात. हा आतनं चकचकीत होता, नव्या भांड्यासारखा, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला घोड्याच्या नालेसारखे छोटे छोटे खड्डे, सगळे एकाच दिशेला. सरळ भागात काहीच नाही, तिथं तांबं अजून चांगलं जाड. मी चीफला दाखवलं, तो म्हणाला, व्हेरी इंटरेस्टिंग, आणि फोनवर बोलायला लागला.

साईन ऑफ झालो, म्हणजे जहाजावरनं सुट्टीवर उतरलो, तेव्हा तो तुकडा बॅगेत घातला. मुंबईला स्कॅनिंगवाल्यानं बॅग उघडायला लावली, घरी बायको म्हणाली लोकं चॉकलेटं आणतात आणि आमच्यात भंगार येतं. पण मला तो किर्लोस्करवाडीच्या तात्यांना दाखवायचा होता. तात्या रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आयुष्य पंपाच्या टेस्ट बेडवर गेलंय, आणि अप्रेंटिस असताना आम्हाला त्यांनी हातानं शिकवलंय. चहा झाला, भडंग झालं, घराचं बांधकाम कुठवर आलं ते झालं, मग मी तुकडा पुढं केला. तात्यांनी चष्मा लावलाच नाही. अंगठा आतनं फिरवला, एकदा इकडनं, एकदा तिकडनं.

"पाणी किती गरम?"

"साठच्या आसपास, तात्या."

"पंप कधी बदलला?"

मी म्हटलं पंपाचं मला काय माहीत, मी जायच्या आधीचं असंल. तर म्हणाले, "मग विचार की. पाईप बरा हाय हा. ह्याला पाण्यानं खाल्लाय, वयानं न्हाई. पळतंय पाणी ह्याच्यातनं."

हे मला अप्रेंटिसला शिकवलेलं होतं आणि पुस्तकातही आहे, तांब्याच्या पाईपमध्ये थंड पाणी सेकंदाला साधारण २.४ मीटरपर्यंत चालतं, गरमाला १.५, आणि ६० डिग्रीच्या वर गेलं की ०.६ ते ०.९ च्या आतच ठेवायचं. त्याच्या वर गेलं की तांब्यावरचा राखण करणारा पातळ थर धुतला जातो, वळणावर पाणी घुसळतं आणि उघडं तांबं खात सुटतं. त्यात जहाजावरचं पाणी समुद्राच्या पाण्यापासून बनवलेलं, त्यात मुळात क्षार जवळजवळ नसतात, ते मुद्दाम दगडाच्या फिल्टरमधनं काढून क्षार घालायला लागतात आणि ते नीट झालं नाही तर असलं उपाशी पाणी धातूला लवकर भिडतं.

सातारकर अजून जहाजावरच होता. त्याला मेसेज टाकला, सर्क्युलेशन पंपाच्या, म्हणजे गरम पाणी लाईनीत फिरवणाऱ्या पंपाच्या, नेमप्लेटचा फोटो पाठव, आणि जमलं तर जुन्या ड्रॉइंगचा पण. दोन्ही आले. ड्रॉइंगवर ताशी ८ घनमीटर, नेमप्लेटवर २०. अडीच पट. पंप बसवलेल्या जागी जुन्या पंपाच्या पायाची भोकं अजून तशीच, नवा पंप पट्टी वेल्ड करून बाजूला सरकवून बसवलेला. आमच्याकडं नदीवरनं मळ्यात पाणी आणणारे हेच करतात, पाणी टोकाला पोचंना म्हणून पाचची मोटर काढून साडेसातची टाकायची आणि मग पाईपलाईन फुटली की पाईपवाल्याला शिव्या. इथं फक्त मळ्याच्या जागी डेक होते.

पण पंप मोठा टाकणारा माणूस येडा होता असंही म्हणता येत नाही, म्हणून तर हे डोक्यातनं जात नाही. जहाजावरच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियननं सातारकराला सगळी कथा सांगितली. मागं एका हेल्थ इन्स्पेक्शनमध्ये पुढच्या टोकाच्या कॅबिनला पाणी कोमट निघालं. ही साधी गोष्ट नाही, गरम पाण्याच्या लाईनमध्ये लीजिओनेला नावाचा बॅक्टेरिया वाढतो, शॉवरच्या तुषारातनं फुफ्फुसात जातो आणि म्हातारी माणसं त्यानं मरतात, आणि आमचे निम्मे पॅसेंजर म्हातारेच. म्हणून टाकीत ६० आणि फिरून परत येणारं पाणी ५० च्या खाली जाता कामा नये असा दंडक आहे. अमेरिकेच्या बंदरात सीडीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचे, लोक अचानक चढतात, पाणी, किचन, पूल सगळं बघून शंभरापैकी मार्क देतात आणि ८५ किंवा त्याच्या खाली म्हणजे नापास, ते पण सगळ्या जगाला दिसेल असं छापून. तर कोमट पाणी निघालं म्हटल्यावर घाम फुटला सगळ्यांना आणि पुढच्या बंदरात जो पंप मिळाला तो चढवला. टोकाला पाणी गरम झालं. शाबासकी मिळाली.

टोकाला आधी कोमट का होतं? याचं उत्तर मला इथं सांगलीत बसून फोटो बघताना मिळालं. प्रत्येक डेकच्या रिटर्नला एक बॅलन्सिंग व्हॉल्व असतो, मुठीएवढा, त्यानं जवळच्या फांद्या थोड्या आवळायच्या म्हणजे लांबच्या फांदीला पाणी जातं. हे व्हॉल्व अधनंमधनं फिरवायला लागतात, नाहीतर जाम होतात. आमचे सगळे जाम आहेत, एकावर तर रंगाचे थर इतके की चाक कुठलं आणि बॉडी कुठली कळंना. म्हणजे पाणी जवळच्या जवळ फिरून परत येत होतं, लांब जातच नव्हतं, आणि मोठा पंप आल्यावर लांब थोडं गेलं पण जवळच्या एल्बोंतनं बंबासारखं सुटलं. फुटलेले एल्बो सगळे पंपाच्या जवळच्या बाजूचे. व्हॉल्व फिरवायचं काम प्लॅनमध्ये आहे, सहा महिन्यांनी एकदा, आणि दर सहा महिन्यांनी त्याच्यावर टिक पण आहे. कोण करतं ते टिक, देवाला माहीत. माणसं कमी केल्यावर कागदावरची कामं अशीच होतात.

तात्यांना परत जाऊन सांगितलं तर ते खूष झाले, पण लगेच म्हणाले की पंपाला हात लावू नको आधी, प्रत्येक फांदीचं टेंपरेचर घे, आकडे असल्याशिवाय साहेब लोक ऐकत नसतात. बरोबरच होतं ते, कारण तोवर सातारकरानं एका रात्री आपल्या मनानं पंपाचा डिस्चार्ज, म्हणजे पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व, थोडा आवळून बघितला होता, सकाळी पुढच्या टोकाला परत कोमट, हॉटेल डायरेक्टर थेट चीफकडं, चीफनं येऊन स्वतःच्या हातानं पूर्ण उघडला आणि सातारकराला लेखी ताकीद दिली. चीफचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. एल्बो फुटला तर कार्पेट भिजतं, पाणी कोमट राहिलं तर माणूस मरतो. त्याच्या जागी मी असतो तर मी पण उघडलाच असता, फक्त त्याच दिवशी व्हॉल्व मागवले असते.

मी ऑफिसला ईमेल टाकला, फोटो, हिशेब, चिरलेला एल्बो सगळं लावून. उत्तर दोन ओळींचं आलं, नोंद घेतली आहे, पुढच्या ड्राय डॉकच्या यादीत विचार केला जाईल. नव्या व्हॉल्वची रिक्विझिशन, म्हणजे मागणी, मात्र निम्मी मंजूर झाली, कुठल्या हिशेबानं निम्मी ते विचारायची सोय नाही. निम्मे बदलले तर निम्मे जाम राहणार आणि बॅलन्स कसला होणार, पण चला.

मी पुढच्या महिन्यात परत जॉईन होतोय. सातारकर रात्रीच्या ड्युटीला कॉन्टॅक्ट थर्मामीटर घेऊन एकेक फांदी मोजतोय आणि मला तक्ता पाठवतोय. एक व्हॉल्व तेल घालून, टोकून सुटला, दुसऱ्याचा स्पिंडल तुटून हातात आला. अर्ध्या फांद्यांचे आकडे आलेत, जवळच्या सगळ्या ५८-५९, लांबच्या जेमतेम ५०. उरलेल्या फांद्यांसमोर गेल्या रिफिटमध्ये सजावटीची नवीन भिंत लावलीय, तपासायचं झाकण न ठेवता, आणि ती उघडायची परवानगी हॉटेल साईड देत नाही, कारण ती भिंत नवीन आहे.