सीडी-डीव्हीडी किती एक्सला मारायची, आणि दशावतार शेवटालाच का अडकतो

आमच्या सिंधुदुर्गात कुठल्याही घरात लोखंडी कपाट उघडा, खालच्या कप्प्यात सीड्यांचा एक डबा हमखास मिळणार, त्यात लग्नाची डीव्हीडी, बारसं, गणपतीतली डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) आणि जत्रेतल्या दशावताराच्या दोन-चार डिस्का. त्यातल्या निम्म्या आता अडकतात नाहीतर उघडतच नाहीत, आणि कोणालाही विचारलं की उत्तर एकच, पावसाळ्याची दमट हवा लागली. हवा लागते हे खरंच आहे, बुरशीही धरते, पण एकाच डब्यात एकाच पावसाळ्यात राहिलेल्या दोन डिस्कांपैकी एक चकाचक चालते आणि दुसरी मरते त्याचं काय? त्यातला बराचसा निकाल डिस्क राइट होत होती, म्हणजे मारली जात होती, तेव्हाच लागलेला असतो, आणि तिथे स्पीडचा मोठा हात असतो.

आता एक्स म्हणजे काय ते पटकन सांगतो. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा १एक्स म्हणजे १३८५ केबी, म्हणजे जवळजवळ नऊपट, त्यामुळे १६एक्स डीव्हीडी आणि १६एक्स सीडी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कोऱ्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो, डाय म्हणतात त्याला, आणि लेझर तो थर ठिकठिकाणी भाजून खुणा पाडतो. स्पीड वाढवला की प्रत्येक खुणेला मिळणारा वेळ कमी होतो, मग लेझरला पॉवर वाढवावी लागते आणि कधी चालू कधी बंद हे फारच बारीक सांभाळावं लागतं. त्यात जरा चूक झाली की खूण थोडी लांब नाहीतर आखूड पडते, कडा नीट उमटत नाहीत, याला जिटर म्हणतात.

पण गंमत अशी की डिस्क तरीही चालते! कारण प्रत्येक डिस्कवर एरर करेक्शनचा डेटा मुद्दाम जास्तीचा लिहिलेला असतो आणि प्लेअर चुका गुपचूप दुरुस्त करत पुढे जातो. सीडीत या चुकांना सी१ आणि सी२ एरर म्हणतात, सी१ थोडेफार सगळ्याच डिस्कांवर असतात (स्टँडर्डमध्ये सेकंदाला सरासरी २२० पर्यंत चालतात), सी२ (पहिल्या टप्प्याच्या दुरुस्तीतून सुटलेले) मात्र दिसायलाच नकोत. डीव्हीडीत त्याच चुका पीआय-पीओ या नावांनी मोजतात. म्हणजे घाईत मारलेली डिस्क पहिल्या दिवशी मस्त चालणार, गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, पण दुरुस्तीची जी शिल्लक पुढच्या वीस पावसाळ्यांसाठी हवी होती ती पहिल्याच दिवशी अर्धी संपलेली. मग ऊन, दमट हवा, चार ओरखडे, की ती डिस्क आधी जाते, आणि शेजारची नीट मारलेली तेवढाच मार खाऊन उभी राहते. त्यामुळे 'चालली म्हणजे झाली' यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आता दशावताराचं. डिस्कवर लिहायला आतून सुरुवात होते आणि बाहेरच्या कडेला शेवट. बॉक्सवर ५२एक्स लिहिलेलं असतं तो स्पीड पूर्ण डिस्कभर नसतोच, डिस्क एकाच गतीने गरगर फिरते (मिनिटाला १० हजारांच्या आसपास फेरे) आणि ५२एक्स येतो तो फक्त बाहेरच्या कडेला. १६एक्सची डीव्हीडीसुद्धा आत साधारण सहा-साडेसहा एक्सने सुरू होते आणि कडेला पोचता पोचता १६ गाठते. म्हणजे सगळ्यात जास्त स्पीड नेमका तिथे जिथे डिस्क जास्त थरथरते, डायचा थर एकसारखा राहणं कठीण असतं आणि आपण बोटं लावतो तेही तिथेच. म्हणून शेवटपर्यंत भरलेली डीव्हीडी लावली की आडदशावतारातला (आख्यानाआधीच्या भागातला) गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुराची धमाल होते, सगळं क्लिअर, आणि आख्यान संपत आलं, युद्ध लागलं, की राक्षस तलवार उगारून तसाच उभा आणि पडद्यावर सगळीकडे चौकोन चौकोन.

मग सगळ्यात कमी स्पीडला मारायची का? नाही हो, आणि हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही फार आहे. घावनाचा तवा कमी तापला तरी चिकटतं आणि जास्त तापला तरी करपतं, तसंच हे. १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कची डाय जलद लिहिण्यासाठी बसवलेली असते, आणि रायटरच्या फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) कुठल्या कंपनीच्या डिस्कला कुठल्या स्पीडला किती पॉवर द्यायची त्याचं कोष्टक असतं, ज्याला राइट स्ट्रॅटेजी म्हणतात. ड्राइव्ह आधी डिस्कवरचा बनवणाऱ्याचा कोड वाचतो, मग आतल्या एका राखीव पट्टीत थोडं लिहून पॉवर जुळवतो आणि मग कामाला लागतो. अगदी हळू स्पीडला हे सगळं नीट बसवलेलं असेलच असं नाही, त्यामुळे तिथे एरर उलट वाढूही शकतात. आणि कोड ओळखीचा नसेल, म्हणजे बाजारातली शंभर बिननावाच्या डिस्कांची चवड, तर ड्राइव्ह अंदाजपंचे लिहितो, मग स्पीड कुठलाही ठेवा.

सगळ्यात चीड येते ती वाचलेल्या वेळेची. पूर्ण डीव्हीडी १६एक्सला सहा मिनिटांच्या आसपास, ८एक्सला आठ-नऊ. पूर्ण सीडी ५२एक्सला तीन मिनिटांच्या आत-बाहेर, २४एक्सला चार. दोन-तीन मिनिटांसाठी एवढं सगळं! अर्थात दुकानदाराच्या जागी बसून बघितलं तर कळतं, कुडाळला माझ्या चुलतभावाचं शूटिंगचं दुकान होतं, गणपतीनंतर चाकरमानी परत निघायचे तेव्हा दारात ही गर्दी आणि प्रत्येकाचं एकच, "बेगीन मारून दी रे, येष्टी चुकात माजी." त्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बिघडलेल्या सीड्या मग पाखरं हाकलायला शेतात टांगल्या जायच्या, दुसरा उपयोग काय.

मी स्वतः अजून अधूनमधून डिस्क मारतो (देवगडला एका नातेवाईकांची गाडी आहे, तिला पेनड्राइव्ह चालत नाही, भजनं सीडीवरच लागतात), तर माझा हिशोब साधा, डिस्कवर लिहिलेल्या स्पीडच्या साधारण निम्मा. १६एक्स डीव्हीडी ८ला, ५२एक्स सीडी १६ किंवा २४ला. चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरं काही नाही, वर कागदी स्टिकर नाही कारण डिस्क फिरताना तोल जातो आणि आमच्या हवेत ते कोपऱ्यातून सुटतातच. आणि सीडीच्या वरच्या बाजूला बॉलपेनने नाव कोणी घालू नका, डेटाचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसून त्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो. नंतर एरर स्कॅन करायचा तर तसं सॉफ्टवेअर मिळतं, पण सगळे ड्राइव्ह ते दाखवत नाहीत, तेव्हा दुसऱ्या एखाद्या जुन्या प्लेअरवर शेवटची पाच मिनिटं लावून बघणं हा गावठी उपाय बरा.

घरात व्हीसीडी (साध्या सीडीवरचा व्हिडिओ) असतील तर त्या आधी हार्डडिस्कवर घ्या, डीव्हीडी नंतर. डेटा सीडीला जे जास्तीचं एरर करेक्शन असतं ते व्हीसीडीच्या व्हिडिओला नसतं, ती जागासुद्धा व्हिडिओनेच भरलेली, म्हणून तर ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीच्या आसपास पिक्चर मावायचा. वाचतानाही घाई नको, ड्राइव्हचा रीड स्पीड सॉफ्टवेअरने कमी करा, आणि एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्या कंपनीचा लावून बघा, बऱ्याचदा तो वाचतो.