ब्रॉडवेवर अंडरस्टडी होताना

ब्रॉडवेवर मी अंडरस्टडी, म्हणजे मूळ नटी येऊ शकली नाही तर तिची भूमिका करायला तयार ठेवलेली नटी, होते असं सांगितलं की पुण्यातली माणसं विचारतात, "म्हणजे तू प्रत्यक्ष स्टेजवर नव्हतीस का?" प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे व्यावसायिक नाटकातली नटी आजारी पडली तर प्रयोग रद्द होतो, नाहीतर घाईघाईने दोन-चार तालमी करून दुसरी कुणी उभी राहते. ब्रॉडवेवर मात्र हेच काम करणारा माणूस पहिल्या दिवसापासून पगारावर ठेवतात, त्याच्या वेगळ्या तालमी घेतात, त्याचे कपडे आधीच शिवून ठेवतात, हे न्यूयॉर्कला येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. ब्रॉडवेवर पाऊल ठेवण्याची माझी वाट याच कामातून गेली. ती सविस्तर लिहिते आहे, कारण इथे येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना बहुतेक वेळा फक्त झगमगाट माहीत असतो.

आधी ब्रॉडवे म्हणजे काय ते. न्यूयॉर्कमधली 41 नाट्यगृहं अधिकृतपणे ब्रॉडवे थिएटर मानली जातात. त्यांत किमान 500 खुर्च्या असाव्या लागतात. बहुतेक थिएटरं ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर नाहीतच. ती 41व्या ते 54व्या रस्त्यांमधल्या आडव्या गल्ल्यांत आहेत, आणि एक त्यांच्यापासून लांब, लिंकन सेंटरमध्ये. त्याहून लहान थिएटर ऑफ-ब्रॉडवे, आणि शंभराच्या आतलं ऑफ-ऑफ-ब्रॉडवे. मी सुरुवात या शेवटच्या प्रकारापासून केली. पुण्यात पुरुषोत्तम करंडक आणि प्रायोगिक नाटकं करून आलेल्या मुलीला ती जागा अजिबात परकी वाटत नाही. तळघरातली खोली, स्वतः लावलेले दिवे, प्रेक्षकांत निम्मे ओळखीचे.

कायद्याची बाजू लवकर समजून घ्यावी, कारण ती उशिरा कळली तर वर्षं वाया जातात. माझा नवरा अमेरिकेत जन्मलेला, त्यामुळे मला लग्नानंतर ग्रीन कार्ड मिळालं. ज्यांच्याकडे ते नाही अशा कलावंतांसाठी ओ-वन व्हिसा असतो. तो एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो, अर्ज अमेरिकेतल्या मालकाने किंवा एजंटने करायचा असतो आणि सोबत नटांच्या युनियनचं अभिप्रायपत्र लागतं. माझ्या एका मैत्रिणीची फाईल आम्ही दोघींनी मिळून तयार केली. मराठी वर्तमानपत्रांतली तिच्या नाटकांची परीक्षणं शोधून काढली आणि त्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं करून घेतली. पुण्यात असताच आपली परीक्षणं, जाहिराती, प्रयोगाची पत्रकं जपून ठेवा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. आणि हा व्हिसा मिळाला तरी परदेशी नटाला ब्रॉडवेवर घेण्यासाठी निर्मात्याला युनियनची वेगळी संमती लागते. ग्रीन कार्डवाल्याला ती अट नाही.

युनियन म्हणजे ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन, स्थापना 1913. तालमींचे तास, सुट्ट्या, किमान पगार, कपडे बदलण्याच्या खोलीची स्वच्छता, सगळं तिच्या करारात लिहिलेलं असतं. नवख्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की ब्रॉडवेच्या निर्मात्यांना युनियनच्या सभासदांसाठी खुल्या ऑडिशन घ्याव्याच लागतात. मोठ्या भूमिकांसाठीच्या ऑडिशनला इथे सगळे ईपीए म्हणतात.

महासाथीच्या आधी मी सभासद नव्हते. ईपीएला तेव्हा सभासदांना आधी बघत, मग उमेदवार सभासदांना, आणि वेळ उरला तर बाकीच्यांना. वेळ उरेलच याची खात्री कुणी देत नसे. म्हणून युनियनबाहेरची मुलं उजाडायच्या आत 46व्या रस्त्यावरच्या इक्विटीच्या इमारतीबाहेर जमायची आणि कागदावर आपली आपणच यादी करायची. मी जॅक्सन हाइट्सहून सात नंबरच्या गाडीने टाइम्स स्क्वेअरला जायचे. पुष्कळदा संध्याकाळपर्यंत बसून नाव पुकारलंच जायचं नाही. तिथून थेट मुलं सांभाळण्याच्या कामावर जायचं. रांगेतल्या लोकांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही वर्गाने शिकवलं नाही. कुठल्या कास्टिंग ऑफिसला काय आवडतं, कोणता पियानोवादक सांभाळून घेतो, स्वस्त तालीमखोली कुठे मिळते, हे सगळं तिथेच कळलं. स्पर्धक असूनही माणसं एकमेकांना पाणी द्यायची, जागा राखायची.

हातात काय असावं तेही सांगते. आठ बाय दहा इंचाचा चेहऱ्याचा फोटो आणि त्याच्या पाठीला त्याच मापात कापून स्टेपल केलेला एकपानी बायोडेटा. त्यात वय आणि लग्न यांचा उल्लेख नसतो. पुण्यातली कामं लिहावीत की नाही असा मला प्रश्न होता. मी लिहिली, "भरत नाट्य मंदिर, पुणे" असं थिएटरच्या नावासकट. अनेक खोल्यांत पहिला प्रश्न त्यावरूनच आला आणि दोन मिनिटांच्या भेटीत माणसाशी माणसासारखं बोलायला विषय मिळाला.

आत गेल्यावर टेबलामागे एक-दोन माणसं. एक किंवा दोन स्वगतं, नाहीतर त्यांनी दिलेली दोन पानं. म्युझिकल असेल तर सोळा मात्रांचे तुकडे नव्हेत, पाश्चात्य स्वरलिपीतले सोळा बार (तालाचे खंड), म्हणजे गाण्याचा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा भाग. मी शास्त्रीय गाणं शिकलेली. पद हळूहळू उलगडायचं, रसिकांनी दाद दिली तर पुन्हा घ्यायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं. इथे अनोळखी पियानोवादकाला स्वरलिपीची वही द्यायची, बोटाने लय दाखवायची आणि पहिल्याच शब्दाला भूमिकेत उभं राहायचं. मी वर्षभर ते घोटलं, पण म्युझिकल ही माझी जागा नाही हेही त्यातून स्पष्ट झालं. गद्य नाटकावर सगळा जोर लावायचं मी ठरवलं.

याच काळात लिंकन सेंटरमधलं सार्वजनिक ग्रंथालय मला सापडलं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची रंगकलांसाठीची ही शाखा. तिथे 1970 सालापासून ब्रॉडवेच्या आणि इतर प्रयोगांची चित्रमुद्रणं जतन केलेली आहेत. नाटकवाले, विद्यार्थी, संशोधक यांना आधी वेळ ठरवून तिथेच बसून ती पाहता येतात. तिकीट न परवडणाऱ्या माणसासाठी याहून मोठी शाळा नाही. नट बोलत नसताना काय करतो, हे मी तिथे बघत बसायचे.

12 मार्च 2020 रोजी ब्रॉडवेची सगळी थिएटरं बंद झाली. दीड वर्षभर तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. मोठी म्युझिकल्स परत आली ती सप्टेंबर 2021 मध्ये. त्याच उन्हाळ्यात इक्विटीने सभासदत्वाची दारं उघडली. अमेरिकेत नट किंवा स्टेज मॅनेजर म्हणून पैसे घेऊन काम केल्याचा पुरावा द्या आणि सभासद व्हा. पूर्वी युनियनचं काम मिळाल्याशिवाय किंवा उमेदवारीचे आठवडे भरल्याशिवाय कार्ड मिळत नसे, आणि कार्डाशिवाय काम मिळणं अवघड. शाळांतून फिरणाऱ्या एका बालनाट्याच्या मानधनाच्या पावत्या माझ्याकडे होत्या. त्या जोडून मी कार्ड काढलं. हा निर्णय माझ्यासारख्या, इथे कुणी गॉडफादर नसलेल्या नटांसाठी फार मोठा होता असं माझं ठाम मत आहे.

त्या डिसेंबरात ओमिक्रॉन आला आणि एकेका नाटकातली निम्मी मंडळी आजारी पडू लागली. विंटर गार्डन थिएटरमध्ये 'द म्युझिक मॅन' चालू होतं. त्यातली नायिका सटन फॉस्टर आजारी पडली आणि कॅथी वॉइटको नावाच्या स्विंगने, म्हणजे एकाच नाटकातल्या अनेक भूमिका तयार ठेवणाऱ्या नटीने, त्याच दिवशी दुपारी तालीम करून रात्री नायिकेची भूमिका केली. तिच्याकडे आठ भूमिका होत्या. प्रयोगानंतर नायक ह्यू जॅकमनने तिला पुढे घेऊन सगळ्या स्विंग आणि अंडरस्टडींचे आभार मानले. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. कुठलीही भूमिका मिळो, असं म्हणणारी मी त्यानंतर हेच काम मागू लागले.

मला ते मिळालं ते एका कास्टिंग ऑफिसमुळे. त्यांच्या ईपीएला मी अनेकदा गेले होते आणि दर वेळी "थँक यू" ऐकून बाहेर आले होते. पण त्यांनी नोंद ठेवली होती. एका नव्या गद्य नाटकात दोन स्त्रियांच्या भूमिकांसाठी अंडरस्टडी हवी होती, एक तिशीतली डॉक्टर, दुसरी तिची सासू. दोन्हींची पानं आली. पहिली फेरी घरून व्हिडिओवर, मग दिग्दर्शकासमोर. एकाच खोलीत, पाच मिनिटांच्या अंतराने, सून आणि सासू. एकांकिका स्पर्धेत गरजेपोटी दोन-दोन भूमिका केलेल्या होत्या, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आठवड्याभरात होकार आला.

पगाराबद्दल मराठीत कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. ब्रॉडवेचा किमान पगार आठवड्याला 2,000 डॉलरच्या वर आहे. त्यातून एजंटचे दहा टक्के, युनियनची वर्गणी आणि कर जातो. रक्कम चांगली आहे, पण नाटक बंद पडलं की ती त्याच आठवड्यात थांबते.

अंडरस्टडीचं काम बाहेरून दिसत नाही. मुख्य नटांच्या तालमी चालू असताना मी मागे बसून दोन रंगांच्या पेनांनी नोंदी करायचे. कोण कुठल्या शब्दावर वळतं, पेला कुठल्या हातात, दार किती उघडं राहतं, प्रकाश कुठे पडतो. नाटक सुरू झाल्यावर आठवड्याला आठ प्रयोग, सोमवारी सुट्टी. माझ्या करारानुसार मला प्रत्येक प्रयोगाला अर्धा तास आधी हजर राहून फलकावर सही करायची असे. मग वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत स्पीकरवर प्रयोग ऐकायचा आणि ओठांतल्या ओठांत दोन्ही भूमिका बोलायच्या. अंडरस्टडींची तालीम गुरुवारी दुपारी, मोकळ्या थिएटरात, स्टेज मॅनेजरच्या देखरेखीखाली.

सगळ्यांत अवघड काय असेल तर नक्कल न करणं. हालचालींच्या जागा मूळ नटीच्याच ठेवाव्या लागतात, कारण समोरचा नट, प्रकाश, पडदा सगळं त्यावर बांधलेलं असतं. पण तिचा स्वर, तिचा राग उसना घेतला तर तो प्रेक्षकाला खोटा कळतो. मूळ नटीची डॉक्टर चिडली की थंड पडायची. माझी चिडली की तिचे हात कामाला लागायचे, टेबल आवरायचे. हे मी गुरुवारच्या तालमीत करून पाहिलं. स्टेज मॅनेजर म्हणाली, "पेला तिथेच राहू दे, बाकी तुझं."

एका शुक्रवारी सकाळी स्टेज मॅनेजरचा निरोप आला: आज रात्री डॉक्टर तू. मी आईला फोन केला. पुण्यात रात्र झाली होती. ती एवढंच म्हणाली, "जेवून घे आधी."

दुपारी मुख्य नट स्वतःहून लवकर आला आणि माझ्याबरोबर सगळे प्रवेश चालून दाखवले. दुसऱ्या अंकात तो माझं मनगट धरतो आणि मी खाली पडते. ती जागा आम्ही आधी संथ, मग निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने केली. हे रोजच्या प्रयोगाआधीही होतंच. ड्रेसरने कपडे अंगावर बेतून पाहिले. कार्यक्रमपत्रिकेत घालायच्या छोट्या चिठ्ठ्या छापून आल्या: आजच्या प्रयोगात ही भूमिका अमुक करेल. त्यावर माझं नाव, आडनावासकट, शुद्ध. स्टेज मॅनेजरने "प्लेसेस", म्हणजे आपापल्या जागी चला, म्हटल्यावर मी विंगेत वाकून रंगमंचाला हात लावला. शेजारी उभी असलेली सासूची भूमिका करणारी नटी काही न विचारता थांबली, मग तिनेही तसंच केलं.

पहिला अंक मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. दुसऱ्या अंकात मी टेबल आवरायला लागले तेव्हा प्रेक्षकांतून हसू आलं. त्या जागी कधीच हसू येत नसे. समोरचा नट थांबला, हसू ओसरू दिलं आणि मग त्याने मनगट धरलं. हसण्यानंतरचं ते धरणं फार भीतिदायक झालं. थिएटर एकदम गप्प झालं. पेला ठरल्या जागीच होता.

शनिवारचे दोन्ही प्रयोग मीच केले. स्टेज मॅनेजरने नोंदी दिल्या: तिसऱ्या प्रवेशात एक पाऊल डावीकडे, फोनवरचं वाक्य थोडं लवकर. रविवारी मूळ नटी परतली. तिने मला मिठी मारली आणि टेबल आवरण्याबद्दल बारकाईने विचारलं. मी माझ्या खोलीत गेले आणि सासूच्या नोंदींची वही काढली. गुरुवारी तिची तालीम होती आणि दुसऱ्या अंकातली तिची प्रार्थना मला अजून बसली नव्हती.