फ्रीबीएसडीच्या जुन्या डिस्कमधून ड्रॉइंग्ज काढली : माझा अनुभव

उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या एका काकांचं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. फौंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न ते बनवतात. त्यांची ऑटोकॅडची सगळी ड्रॉइंग्ज एका जुन्या फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टम) सर्व्हरवर होती आणि त्याचा मदरबोर्ड गेला. डिस्क विंडोजला जोडली तर एकही ड्राइव्ह दिसेना. एका दुकानात तर "डिस्क कोरी आहे, फॉरमॅट मारून देतो" म्हणाले. नशीब, काकांनी दिली नाही.

काका मला म्हणाले, "बघ की रं, काय निघतंय का. गिऱ्हाईक जुन्याच पंपाचं केसिंग मागाय लागलंय."

डिस्क कोरी नव्हतीच. तिच्यावर यूएफएस२ ही फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत होती, २००३ साली फ्रीबीएसडी ५.० मध्ये आलेली. विंडोजला ती वाचता येत नाही, एवढंच.

काहीही उघडून बघण्याआधी लिनक्सवर डीडीरेस्क्यूनं पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत काढली. जुन्या आयडीई (रुंद पट्टीच्या केबलच्या) डिस्कचा भरवसा नसतो. हे टूल नीट वाचता येतं ते आधी उचलतं, खराब सेक्टरला नंतर हात घालतं आणि कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढं. मूळ डिस्क मग कपाटात.

पुढचं काम स्लूथ किटचं. ही कमांड लाइनची टूल्स माउंट न करता, म्हणजे सिस्टमला ड्राइव्हसारखी न जोडता, थेट इमेज वाचतात. 'एमएमएलएस'नं पार्टिशन दाखवलं, पण इथं एक गोम आहे. बाहेरून फ्रीबीएसडीचं एकच पार्टिशन दिसतं, त्याला स्लाइस म्हणतात. त्याच्या पोटात आणखी एक टेबल असतं. जुन्या इन्स्टॉलरची मांडणी ठरलेली : ए रूट, बी स्वॅप, डी व्हार, ई टेम्प, एफ यूएसआर. होम डिरेक्टरी यूएसआरच्या आत, म्हणजे आपला माल 'एफ'मध्ये.

खात्रीसाठी हेक्सडंप काढला, म्हणजे इमेजमधले कच्चे बाइट आकड्यांत बघितले. यूएफएस२चा सुपरब्लॉक (फाइलसिस्टमची मूळ माहिती असलेला भाग) पार्टिशनच्या सुरुवातीपासून ६४ केबीवर असतो आणि त्यात ओळखीचा आकडा असतो : १९५४०११९. इंटेलच्या मशीनवर बाइट उलटे लिहिले जातात, म्हणून स्क्रीनवर दिसलं १९ ०१ ५४ १९. या फाइलसिस्टमचे कर्ते मार्शल कर्क मॅक्युसिक यांची ही जन्मतारीख, १९ जानेवारी १९५४. ती जागच्या जागी बघून मला मनापासून आनंद झाला. निम्मं काम तिथंच झालं होतं.

'एफएलएस'नं फाइलींची यादी दिली, प्रत्येक नावाआधी आयनोड नंबर, म्हणजे त्या फाइलीचा फाइलसिस्टममधला नंबर. केसिंगचा नंबर 'आयकॅट'ला दिला आणि फाइल बाहेर. सुरुवातीचीच अक्षरं 'एसी१०१५', म्हणजे ऑटोकॅड २००० च्या फॉरमॅटचं ड्रॉइंग. फाइल शाबूत होती.

सगळ्या फाइली एकदम काढायला 'टीएसके रिकव्हर' आहे, पण त्यात फाइलींच्या मूळ तारखा राहत नाहीत. काकांना त्याच हव्या होत्या. एकाच केसिंगची बरीच सुधारित ड्रॉइंग्ज, शेवटचं कुठलं ते तारखेवरूनच कळणार. म्हणून इमेजच लूप डिव्हाइसनं (फाइलीला डिस्कसारखं वापरायची लिनक्सची सोय) रीड-ओन्ली माउंट केली. ऑफसेट, म्हणजे पार्टिशन कुठून सुरू होतं ते, बाइटमध्ये द्यायचा : सुरुवातीचा सेक्टर नंबर गुणिले ५१२. आणि माउंटच्या 'यूएफएसटाइप' या ऑप्शनला 'यूएफएस२' स्पष्ट लिहायचं, नाहीतर लिनक्स जुना प्रकार धरून चालतं आणि माउंट होत नाही. मग 'सीपी' या कॉपीच्या कमांडला 'पी' लावून सगळं तारखांसकट दुसऱ्या डिस्कवर घेतलं.

काकांनी तारखेनं लावलेल्या यादीत केसिंगचं सगळ्यात नवं ड्रॉइंग शोधलं आणि त्याच संध्याकाळी प्रिंट काढून मिस्त्रींच्या हातात दिली.