हिरव्या झाकणाचं दूध

आई मे महिन्यात आमच्याकडे लंडनजवळच्या स्लाउला आली. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आतच तिने फ्रिजमधलं दूध पातेल्यात ओतून तापवलं होतं. इथलं दूध पाश्चराइझ केलेलं असतं, बाटलीतून सरळ पेल्यात ओतून पितात, हे मी तिला आधी फोनवर सांगितलं होतं. पण न तापवलेलं दूध तसंच ठेवून द्यायचं, हे तिच्या मनाला पटत नाही. दुपारी चहाच्या वेळी तिने झाकण काढलं तर वर जेमतेम एक पापुद्रा. चमच्याने तो उचलून तिने उजेडात धरला.

"अगं, साय कुठाय? तुमच्याकडे पण पाणी घालतात का दुधात?"

माझा मामा सांगलीजवळच्या गावात डेअरीला दूध घालतो. आईचं लहानपण त्याच गोठ्यात गेलं. त्यामुळे तिचा पुढचा प्रश्न होता, "फॅट किती लागते ह्याला?" मी बाटली फिरवून मागचं लेबल दाखवलं. 100 मिलिलिटरला 1.7 ग्रॅम. तिचा विश्वासच बसेना. मामाच्या म्हशीला सातच्या आसपास फॅट लागते, गाईला साडेतीन. फॅटवर दर ठरतो, म्हणून संकलन केंद्रावर आकडा ऐकताना घरदार कान देऊन असतं. अशा घरातल्या बाईला 1.7 म्हणजे जवळजवळ अपमानच.

ब्रिटनमध्ये दूध झाकणाच्या रंगावरून ओळखतात. निळं म्हणजे होल मिल्क, साधारण साडेतीन टक्के फॅटचं. हिरवं म्हणजे सेमी-स्किम्ड, ते आम्ही घेतो. लाल म्हणजे स्किम्ड, त्यात फॅट नावालाच. अलीकडे बऱ्याच दुकानांनी प्लास्टिकचा पुनर्वापर सोपा व्हावा म्हणून रंगीत झाकणं बदलून पारदर्शक केली आहेत, पण लेबलचा रंग तोच आहे आणि आमच्या घरात अजूनही 'हिरव्या झाकणाचंच' दूध येतं. बाटली 4 पाइंटची, म्हणजे सव्वादोन लिटरहून थोडी जास्त. तिन्ही रंगांचा भाव सुपरमार्केटात बहुधा एकच असतो. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "फॅट काढून घेतात आणि भाव तोच? मग ती फॅट जाते कुठे?" क्रीम, लोणी, चीज होऊन शेजारच्याच कपाटात बसते, असं मी तिला दुकानात नेऊन दाखवलं.

आणि साय न येण्याचं कारण पाणी नाही. दूध मोठ्या दाबाने बारीक छिद्रांतून ढकलतात, त्याने स्निग्धांशाचे थेंब इतके बारीक होतात की ते वर तरंगून येतच नाहीत, दुधातच विखुरलेले राहतात. याला होमोजिनायझेशन म्हणतात. निळ्या झाकणाचं दूध तापवलं तरी सांगलीसारखी जाड साय धरत नाही ती यामुळेच.

आम्ही हिरव्यावर आलो ते मात्र दोन वर्षांपूर्वी. चाळिशी ओलांडल्यावर इथे आरोग्य तपासणीचं बोलावणं येतं. त्यात माझ्या नवऱ्याचं एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, 44 निघालं. इथे हा आकडा टक्क्यांत देत नाहीत. 42 ते 47 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तो दिसायला सडपातळ, म्हणून मला खरंच वाटेना. तेव्हा नर्सने समजावलं की दक्षिण आशियाई माणसांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याची) धोक्याची रेषा 25 नव्हे, 23 वर धरतात. आपल्याकडे पोटाभोवती साठणारी चरबी कमी वजनातही त्रास देते. त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून प्रत्येक डबा, प्रत्येक पाकीट फिरवून वाचलं.

दुधाचा हिशेब असा निघाला. आम्हा दोघांना दिवसाला अर्धा लिटर लागतं. निळ्यात त्याचे अठरा ग्रॅम फॅट, हिरव्यात साडेआठ. म्हणजे नऊ-साडेनऊ ग्रॅमची बचत, जवळजवळ दोन चहाचे चमचे तूप. कॅल्शियम आणि प्रथिनं तेवढीच राहतात. मला आनंद झाला. मग मी बिस्किटांचं पाकीट उलटलं. एका डायजेस्टिव्ह बिस्किटात सुमारे 70 कॅलरी आणि 3 ग्रॅम फॅट. चहाबरोबर नवरा तीन खातो. दूध बदलून जे वाचवलं ते बशीतून परत पोटात जात होतं, वर साखर वेगळीच. आणि दुधातली नैसर्गिक साखर तिन्ही रंगांत सारखीच, 100 मिलिलिटरला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. फॅट काढली म्हणून साखर कमी होत नाही, हे मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवायला हवं.

'लो फॅट' लिहिलेल्या फळांच्या दह्याने तर मी वर्षभर फसले होते. इथे पाकिटावर लाल, पिवळा, हिरवा असे रंग छापायची पद्धत आहे. फॅटचा चौकोन हिरवा बघून मी मुलीच्या डब्यात ते दही घालत होते. शेजारचा साखरेचा पिवळा चौकोन माझ्या नजरेतून सुटत होता. फॅट काढली की चव जाते, ती भरायला साखर आणि स्टार्च येतं. आता दही घरीच लागतं.

पण सेमी-स्किम्डचं दही पातळ होतं, पाणी सुटतं. माझी दोन-तीन विरजणं वाया गेल्यावर एका मैत्रिणीने युक्ती सांगितली: अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे स्किम्ड मिल्क पावडर नीट घोटायची, दूध कोमट असताना विरजण लावायचं आणि भांडं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून रात्रभर ठेवायचं. कवडी पडते. हे करताना मला आपल्या टोन्ड दुधाची आठवण होते. मुंबईत दुधाचा तुटवडा असताना दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्किम्ड पावडर मिसळून फॅट 3 टक्क्यांवर आणली, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागली आणि दूध स्वस्तही झालं. मुंबईच्या आरे दूध वसाहतीच्या उभारणीतलं हे मोठं नाव. 1963 साली त्यांना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कमी फॅटचं दूध ही काही परदेशातूनच आलेली गोष्ट नाही. आणि घरोघरी आपल्या आज्या रोज साय काढून खालचं दूध चहाला वापरत होत्या, ते तरी दुसरं काय होतं?

मुलीच्या बाबतीत मात्र मी काटकसर केली नाही. दोन वर्षांची होईपर्यंत तिला निळंच दिलं, तेव्हा इथला सल्लाही तोच होता. वाढत्या लेकराला फॅट लागते. अमेरिकेतल्या बहिणीला दुधातून ड जीवनसत्त्व मिळतं, इथल्या दुधात ते सहसा घातलेलं नसतं. म्हणून आम्ही सगळे त्याच्या गोळ्या वेगळ्या घेतो. आपल्या सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही.

आईला सायीची चुटपुट लागलीच होती. जूनमध्ये एका दुकानात मला सोनेरी झाकणाची बाटली दिसली. जर्सी आणि गर्न्सी गाईंचं, होमोजिनाइझ न केलेलं, 5 टक्क्यांच्या आसपास फॅट. बाटलीच्या गळ्याशी पिवळसर सायीची स्पष्ट रेघ. आईने ती बाटली दोन्ही हातांनी धरून घरी आणली. तीन आठवडे साय साठवून, विरजून, तिने वाडग्यात रवीने घुसळलं. लोण्याचा गोळा वर आला तेव्हा मुलगी स्टुलावर उभी राहून बघत होती. लंडनच्या साउथॉल भागातून आणलेलं विड्याचं पान घालून आईने लोणी कढवलं, वाटीभर तूप निघालं, आणि तळाची खरपूस बेरी साखर घालून नातीच्या तळहातावर ठेवली. त्या तुपाचा एक चमचा, मोजून पाच मिलिलिटरचा, नवऱ्याच्या वरणभातावरही पडला. रोजच्या चहात हिरवं दूध, बिस्किटांऐवजी फुटाणे, रात्री ज्वारीची भाकरी असेल, तर हा एक चमचा मी त्याच्या ताटातून काढणार नाही. मागच्या तपासणीत आकडा 41 आला आहे.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. परवा सकाळी तिचा फोन आला. हातात दुधाची पिशवी होती.

"अगं, ह्याच्यावर 6 लिहिलंय. अर्ध्या लिटरचे किती झाले?"

"तीस ग्रॅम, आई."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मागे वळून बाबांना सांगितल्याचं ऐकू आलं, "अहो, तुमच्या चहाचं दूध आजपासून सायीखालचं."