पाचवा दिवस, कललेल्या ओट्यापाशी

आज पाचवा दिवस. पहाटेपासून वारा वाढलाय, बोट डाव्या अंगाला चांगलीच कललीय, आणि गॅली, म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर, नेमकी उजवीकडे, तिथे उभं राहायचं तर कमरेमागून पट्टा अडकवून त्यावर भार टाकायचा, तेव्हा कुठे दोन्ही हात मोकळे होतात. चौघांचं जेवण तरी होणं भाग होतं. दादा सकाळी सहापासून सुकाणूवर, पोटात फक्त बिस्किटं आणि चहा.

मला आधी वाटायचं की छोट्या बोटीवर अडचण म्हणजे जागेची. जागा कमी आहेच, ओटा दोन ताटांएवढा, पण त्याची सवय दोन दिवसांत होते. खरी गोष्ट हलण्याची आहे. शेगडी गिंबलवर, म्हणजे दोन बाजूंच्या फिरत्या खुंट्यांवर, टांगलेली असते, बोट डावी-उजवीकडे कलली तरी ती झोक्यासारखी आपली सपाट राहते, आणि पहिल्यांदा बघताना उलट वाटतं की शेगडीच हलतेय आणि आपण स्थिर आहोत! पण हे फक्त आडव्या डुलण्यापुरतं. बोट लाटेवर पुढून उचलली जाऊन धप्पकन खाली बसते ना, तेव्हा गिंबलचा काही उपयोग नाही. तिथे भांडं धरून ठेवायचं काम शेगडीच्या कडेच्या दांड्या आणि चिमटे करतात. ओव्हनचं दार उघडायचं असेल तर शेगडी आधी खिटी लावून पक्की करायची, नाहीतर दाराच्या वजनाने तोल पुढे जातो आणि वरचं सगळं अंगावर. परवा मी विसरले. वरच्या पातेल्यात पाणी अजून कोमटच होतं म्हणून निभावलं, पण हात बराच वेळ थरथरत होते. आज वादळी हवेतली रबरी पॅंट घालूनच उभी राहिले, उकाडा झाला तरी चालेल, उकळतं पाणी मांडीवर नको.

आज कुकर काढला. समुद्रावर कुकरसारखं भांडं नाही, झाकण पक्कं बसतं, निसटला तरी आतलं सांडत नाही, गॅस कमी लागतो आणि केबिनमध्ये वाफही कमी होते. मसूर, तांदूळ, बटाटे, कांदा, सगळं एकत्र, अर्ध्याच्या खाली भरून. पाणी एक भाग समुद्राचं आणि तीन भाग टाकीतलं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे असं मिसळलं की ९ ग्रॅमच्या आसपास येतं, वर मीठ घालायलाच नको. नुसत्या खाऱ्या पाण्यात मी सालासकट बटाटे आणि अंडी उकडते, बाकी काही नाही. आणि हे किनाऱ्यापासून लांब आल्यावरच, बंदरातलं पाणी भांड्यात घ्यायचं नाही.

पाण्याचा हिशोब मी वहीत रोज लिहिते. टाकी १५० लिटरची, चौघं, दहा दिवस. माणशी रोज ३ लिटर पिण्या-रांधण्याला धरले की १२० होतात, उरतात ३०, आणि ते ३० माझ्या मते नाहीतच असं समजून चालायचं. नळाला पायाने दाबायचा पंप आहे तो बरा, विजेच्या पंपाने पाणी कधी गेलं कळत नाही. भांडी खाऱ्या पाण्यात घासते, साध्या साबणाला त्यात फेस येत नाही पण भांड्यांचं लिक्विड चालतं, शेवटी कपभर गोडं पाणी फिरवायचं.

वहिनीला तिसऱ्या दिवशी बोट लागली ती आज उतरली. दोन दिवस तिला कोरडी बिस्किटं आणि घोट घोट पाणी एवढंच देत होते, सारखं थोडं थोडं. खाली केबिनमध्ये तळणीचा वास येऊ दिला नाही, त्या दोन दिवसांत कांदासुद्धा परतला नाही. आज तिने वाटीभर मागून घेतलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, वर जाऊन दादाला सांगितलं आधी.

निघायच्या आधी जे केलं त्याचा उपयोग आत्ता कळतोय. अंडी न धुतलेली, फ्रीजमध्ये कधीच न ठेवलेली आणली, कारण धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो. दर दोन दिवसांनी उलटी करते, शंका आली की पाण्यात सोडून बघते, तरंगलं तर फेकायचं. कोबी चिरत नाही, वरून एकेक पान सोडवते, त्याने तो आठवडे टिकतो. फळं जाळ्यात टांगलीत, केळी मात्र वेगळी, ती पिकताना शेजारच्यांनाही पिकवतात. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडली, त्यात झुरळांची अंडी येतात.

आता रात्रीचे दहा. पहाटे तीनची पाळी धाकट्याची, त्या वेळी कोणी शेगडी पेटवू नये म्हणून सूप आत्ताच करून थर्मासमध्ये भरलंय, मग तो पायऱ्यांच्या कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून घट्ट बसवला. त्याला सांगून ठेवलंय कुठे आहे ते. ओल्या कपड्यात तासभर एकट्याने अंधारात बसल्यावर गरम घोट हातात आला की माणूस पुन्हा नीट बघायला लागतो, हे मी स्वतः पहिल्या रात्री अनुभवलंय, तेव्हा दादाने माझ्यासाठी ठेवलं होतं.

गॅस बंद करताना आधी सिलेंडरचा कॉक, ज्योत चालू असतानाच, म्हणजे पाइपमधला उरलेला गॅस जळून जातो, मग शेगडीची बटणं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि इंजिन सुरू करतानाची एक ठिणगी पुरते. ज्योत विझेपर्यंत उभी होते. विझली, बटणं फिरवली, पट्टा सोडला.