पाचव्या सेशननंतर

आमच्या हृदयरुग्ण पुनर्वसन विभागात सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत आम्ही पेशंटच्या शेजारून चालत नाही. नातेवाईक चिडतात, "अहो, धरा ना त्यांना!" पण शेजारून चाललं की पेशंट आमचा वेग धरतो आणि मोजलं जातं ते आमचं चालणं. म्हणून ३० मीटरच्या कॉरिडॉरच्या टोकाला घड्याळ घेऊन उभं राहायचं. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, "छान चाललंय, अजून इतकी मिनिटं," आणि पुन्हा गप्प. दमलं तर भिंतीला टेकायची मुभा आहे, घड्याळ मात्र चालूच राहतं.

त्या दिवशी काकू एकदाही टेकल्या नाहीत. ३४२ मीटर. साडेचार महिन्यांपूर्वी याच कॉरिडॉरमध्ये त्या २६५ चालल्या होत्या. आणि मधल्या काळात रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे, माझ्याच अक्षरात, एक शेरा पडून होता: 'सोडलं. स्वारस्य नाही.'

बायपासनंतर सातव्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या होत्या. उशिराच. डिस्चार्ज कार्डावर व्यायामाबद्दल दोनच शब्द होते, 'चालत राहा'. किती, कोणत्या वेगाने, कुठे थांबायचं, काही नाही. औषधांच्या यादीत कुणी 'गोळ्या घेत राहा' एवढंच लिहिलं असतं तर केवढा गोंधळ झाला असता! फॉलोअपला आल्या तेव्हा एका रेसिडेंटला आमची आठवण झाली, म्हणून निदान आल्या तरी. बायका आमच्याकडे मुळातच कमी पाठवल्या जातात.

आता बोर्ग स्केलबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ६ ते २० आकड्यांची ही पट्टी. पेशंटने स्वतः सांगायचं की श्रम किती वाटतात. ६ म्हणजे काहीच नाही, १३ म्हणजे जरा कष्टाचं, १७ म्हणजे फारच जड. सुरुवात ६ पासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की धडधाकट माणसाच्या नाडीच्या ठोक्यांच्या आसपास जाता येतं. पण आमचे बहुतेक पेशंट बीटा ब्लॉकरवर असतात. ती गोळी ठोके वर चढूच देत नाही, त्यामुळे कमाल ठोक्यांचं '२२० वजा वय' हे सूत्र इथे कुचकामी. मॉनिटरवर ९६ दिसत असतात आणि पेशंटच्या कपाळावर घाम असतो. आमचा ज्युनिअर मॉनिटरकडे बघतो. मी त्याला शंभरदा सांगितलंय, चेहऱ्याकडे बघ.

काकू पाचही सेशनला एकच आकडा सांगायच्या: ११. ट्रेडमिल सपाट असो की चढावर, अकरा. वाक्य पुरं करताना मध्येच श्वास घ्यावा लागत होता तरी अकरा. मला बरं वाटावं म्हणून सांगत होत्या, हे कळत होतं. सहाव्या सेशनला आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "बघते." दुसऱ्यांदाही "बघते." तिसरा फोन मी केलाच नाही.

आमचा कार्यक्रम १२ आठवड्यांचा, आठवड्यातून तीनदा, सकाळी अकराची बॅच. मीटिंगमध्ये मी अशा व्यायाम कार्यक्रमांवरच्या संशोधनाचा कॉक्रेन संस्थेचा २०१६ चा आढावा हिरिरीने सांगते: ६३ चाचण्या, हृदयविकाराने होणारे मृत्यू साधारण एक चतुर्थांशाने कमी. सगळे माना डोलावतात. मग व्यवस्थापन विचारतं की खोली दुपारी रिकामी का असते. पेशंट इथवर कसा येतो, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. काकूंना दोन वाहनं बदलून यावं लागायचं. छातीचं हाड जुळेपर्यंत एकटीने बाहेर पडायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलेलं, म्हणून मुलगा सोबत यायचा. पाच सेशनमध्ये त्याची रजा संपली. हे मला चाचणीनंतर खुर्चीत बसून पाणी पिताना त्यांनी सांगितलं, तेही सहज.

आणि मग पिशवीतून वही काढली.

उभ्या रेघा मारून चार रकाने केलेले: तारीख, वेळ, फेऱ्या, आकडा. घराच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. आम्ही दिलेला बोर्गचा कागद पहिल्या पानावर चिकटवलेला. खाली नोंदी: १२, १२, १३, १४, १२. अकरा कुठेच नव्हता. घरी त्यांना कुणाला बरं वाटवायचं नव्हतं.

मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. बायपासनंतर थोडी ताकद आपोआप परत येते, तेव्हा ७७ मीटरचं सगळं श्रेय वहीला देता येणार नाही. पण २५-३० मीटरची वाढसुद्धा आम्ही खरी सुधारणा धरतो. पानं उलटत गेले आणि एका नोंदीवर थांबले. १७. पुढे बारीक अक्षरात: 'चढावर. छातीत दडपलं. कट्ट्यावर बसले. गेलं.'

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? सोडलं होतं ना मी."

त्यांना तसंच उठवून कार्डिऑलॉजीत नेलं. ईसीजीत नवीन काही नव्हतं, स्ट्रेस टेस्ट लिहून दिली. पुन्हा असं झालं तर थांबायचं, बसायचं, जिभेखाली गोळी धरायची, पाच मिनिटांत आराम पडला नाही तर थेट ॲम्ब्युलन्स, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. जे पाचव्या सेशनच्या आधीच द्यायला हवं होतं. आमच्याकडे ते बाराव्या आठवड्यात, शेवटच्या दिवशी देतात.

रजिस्टरमधला शेरा बदलायला गेले तर दोनच पर्याय, 'पूर्ण' आणि 'सोडलं'. 'स्वारस्य नाही' तेवढं खोडलं.

निघताना काकूंनी विभागाचा फोन नंबर मागितला. मी वहीत लिहिला.

"कधीही केला तर चालेल?"

"नऊ ते चार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि वही मिटली. सतराच्या नोंदीपुढे वेळ होती संध्याकाळी ७:१०.